न चालता पोहोचलेला ठिपका

लीड्स, ११ मार्च १९५२

लाडक्या मेव्हिस,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला उतरलाय. माझ्या अंगाला द्रावकाचा घाण वास चिकटलाय तो चिकटलाच. ट्रॅममध्ये शेजारची जागा रिकामी राहते. पण हल्ली त्या वासाचं काही वाटत नाही. किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची.

आमचं काम तुला ठाऊक आहे. लोकरीचा अर्क कागदावर टेकवायचा, कागद बंद काचपेटीत टांगायचा. कागद कोरडा दिसतो, पण त्याच्या तंतूंत पाणी मुरलेलं असतं आणि ते जागचं हलत नाही. द्रावक त्याच्या अंगावरून सरकत जातो. अर्कातल्या प्रत्येक पदार्थाला ते पाणी मागे ओढतं, कुणाला जास्त, कुणाला कमी. म्हणून ते वेगळे होतात, आणि जो लांब जातो तो पसरतो. शेवटी फवारा मारून तापवलं की जांभळे ठिपके उठतात.

विल्फ्रेडच्या गाजलेल्या कागदावर सगळ्यांत लांबचा ठिपका शर्टाच्या बटणासारखा आहे. गोल, घट्ट. तो कागदावरून चाललेलाच नाही. कागद वाळल्यावर तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने तो हाताने ठेवलाय.

काल त्याला गाठून विचारलं. लाजला असता तरी चाललं असतं. हसून म्हणाला, "अगं एडना, तो तिथे यायचाच होता. मी फक्त पोहोचवला."

माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या आयरीनने तोच प्रयोग पुन्हापुन्हा केला. ठिपका येईना. हिचा हात गचाळ, असं म्हणून त्याने तिला सगळ्यांदेखत कामावरून घालवलं आणि स्वतः विभागप्रमुख झाला. आई म्हणते, "ठिपकाच ना? त्यापायी कुणी लग्न मोडतं का?"

इथे थांबणार होते. पण रविवारी तू चहाला आलीस, तेव्हा आयरीनची नोकरी गेली एवढंच मी सांगितलं. तू बिस्किट चहात बुडवत म्हणालीस, "मिळेल तिला दुसरी. तू आता त्या ठिपक्याचं उकरून काढू नकोस."

मेव्हिस, ठिपक्याचं मी तोवर कुणाजवळच बोलले नव्हते. तुला आधीपासून माहीत होतं, आणि तुझं बिस्किट घशाखाली उतरत होतं.

उद्या आयरीनला घेऊन मी संचालकांकडे जाणार आहे. विल्फ्रेडला आजच कळव हवं तर. तुझ्या लग्नात करवली मात्र होणार नाही. बहीण आहे, तेवढी राहीन.

तुझी (हा शब्द आज जड गेला),
एडना