उघड्या डोक्यानं चहा

मारुंजी, रविवार

प्रिय आई, तुझ्या तापट लेकाचा नमस्कार.

जेवतोय वेळेवर, गोळ्याही घेतोय. बाबांचा गुडघा कसा आहे?

अपूर्वाचं नि माझं प्रेम तुटल्यावर तिच्या भावांनी माणसं मागे लावलीत, या भीतीनं मी पायी जातानाही हेल्मेट घालायचो ना? समुपदेशक हेमलताबाईंनी वाद घातला असता, तर ताडकन उठून गेलो असतो. त्या म्हणाल्या, "चल, टपरीवर जाऊन बघूच." काल त्यांच्यासोबत उघड्या डोक्यानं गेलो. दर चार पावलांनी मागे वळून बघत होतो. कुणीच मागे आलं नाही. चहावाले ज्ञानदेवमामा तेवढे म्हणाले, "आरं, तुला तोंड बी हाय व्हय!" खूप दिवसांनी हसलो.

खोलीवर आल्यावर मात्र रडू आलं. मागावर कुणीच नसेल, तर अपूर्वाच्या घरी माझं नावही निघत नसणार.

आता रोज एकटाच जाणार आहे. संध्याकाळी फोन करून विचारत जा, "कुठं गेला होतास रे?"

तुझाच,
कौस्तुभ