गाळलेला भात

३ तारीख, बुधवार
पिठाच्या गिरणीची पाहुण्यांची खोली

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. इथले चार वजनकाटे तपासून शिक्के मारायचे आहेत. परवा साबणाच्या कारखान्यात जाऊ. फिरतीचे पत्ते तुला दिलेच आहेत. मी कामावर असताना ठकीला चौकीदाराची बायको सांभाळते. चांगली आहे, पण प्रश्न फार विचारते.

ठकी खात नाही. हिला, ठकीच्या आईला, जाऊन दोन महिने झाले, पण घरी निदान दोन-चार चमचे पोटात जायचे. गाडीत बसल्यापासून तेही बंद. चमचा दिसला की ओठ घट्ट आणि मान खिडकीकडे. एखादा घास आत गेलाच तर माझ्या शर्टावर परत. बाटलीचं दूध घेते, पण नऊ महिन्यांच्या मुलीचं नुसत्या दुधावर किती दिवस भागणार? ठकीला काय, कसं भरवायचं ते हिने आजारपणात लिहून दिलेला कागद सोबत आणला आहे. त्यात आहे तसंच सगळं करतो. स्टोव्ह, पातेली, चाळणी, सगळं बरोबर घेतलं आहे.

आज काटा दुरुस्त झाल्यावर पहिलं वजन ठकीचं केलं. निघताना ८ किलो १०० होती, आज ७ किलो ८५०. काटा पुन्हा तपासला. काट्यात काही चूक नाही.

तेव्हापासून खोलीत येरझाऱ्या घालतो आहे, एका जागी बसवत नाही. ठकीला तुझ्याकडे ठेवावं असं तू तेव्हा म्हणाली होतीस आणि मी नको म्हणालो होतो. पुढच्या मुक्कामीही वजन उतरलं, तर तिला घेऊन येतो.

भावजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझा भाऊ

७ तारीख

चि. गप्पूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एवढी वाक्यं तू गेल्या वर्षभरात तोंडाने बोलला नसशील. पोरीला उठता-बसता काट्यावर चढवायला ती काय साखरेचं पोतं आहे? तुझे भावजी म्हणाले, तिच्यावर शिक्का मारला नाही हेच नशीब.

भरवताना तू तिच्याशी बोलतोस का? की समोर परीक्षकासारखा बसतोस? वहिनी भरवायची तेव्हा तिची टकळी चालू असायची. त्या कागदात काय लिहिलं आहे ते मला नीट कळव.

मधली खोली झाडून घेतली आहे. माळ्यावरचा पाळणा काढून पुसला. त्या पाळण्यात आमच्याकडे कधी कुणी निजलं नाही, हे तुला सांगायला नको. आण तिला. फिरतीच्या नोकरीत मूल वाढवणं सोपं नाही, त्यात कमीपणा कसला?

स्वतः जेवत जा. तुझं वजन कोण करतं?
ताईचे आशीर्वाद

११ तारीख, गुरुवार
साबणाचा कारखाना, कचेरीमागची खोली

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

७ किलो ७५०. कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, खाली दोन दात आले आहेत, भूक लागली की खाईल. भूक लागलेली मला दिसते. माझ्या ताटाकडे टक लावून बघते. मी ताट बाजूला ठेवतो.

कागद जसाच्या तसा उतरवतो. तांदूळ एक मूठ, गाजर अर्धं. अगदी गाळ होईपर्यंत शिजवायचं. चाळणीतून दोनदा गाळायचं. चमचा तिरका केला की धार पडली पाहिजे. मीठ नाही, साखर नाही. घाई करायची नाही. वर साडेतीन महिन्यांपूर्वीची तारीख आहे. मी दोनदाऐवजी तीनदा गाळतो.

बोलत नाही हे खरं. काय बोलावं ते सुचत नाही.

एकवीस तारखेची तिकिटं काढली आहेत. तिचे कपडे वेगळ्या पिशवीत भरायला घेतले होते, पण आज ते काम पुरं झालं नाही. उद्या शीतगृहाकडे निघतो.

आठवण ठेव.
तुझा भाऊ

१५ तारीख

चि. गप्पूस,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. सोबत वहिनीच्या शेवटच्या पत्राचं पान आहे, ते आधी वाच. तरी इथेही लिहिते, कारण तू ते घडी करून खिशात ठेवशील.

तिने लिहिलं आहे की हा कागद फक्त पहिल्या महिन्यापुरता. नंतर आपण खातो तेच, तिखटमिठाशिवाय, बोटाने मऊ कुस्करून तिच्या हातात द्यायचं. पुढे म्हणते, हे मात्र मुलगी शाळेत जाईपर्यंत चाळणी सोडणार नाहीत, तेव्हा महिन्याने कागद त्यांच्याकडून काढून घ्या.

तेव्हा वाचून मी हसले होते. मग सगळंच उलटंपालटं झालं आणि मी विसरले. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मात्र आठवलं होतं. तरी सांगितलं नाही. पाळणा पुसत होते, गप्पू. आणखी काय लिहू?

रागावलास तरी उत्तर पाठव.
तुझी ताई

१९ तारीख, शुक्रवार
शीतगृह, कामगारांची खानावळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल दुपारी जेवायच्या वेळी मिळालं. पान वाचलं. तिथेच बाकावर ठकीला मांडीवर घेतलं आणि ताटातला उकडलेला बटाटा कुस्करून तिच्यापुढे ठेवला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पूर्ण पंजा त्यात घातला. निम्मा तोंडात गेला, बाकीचा कानात आणि माझ्या चष्म्यावर. मी मोठ्याने आ, आ म्हणत होतो, हे शेजारी जेवणाऱ्या इथल्या काटेवाल्याने हसून सांगितलं तेव्हा मला कळलं. अख्खा बटाटा संपला. आज सकाळी केळं आणि थोडा भातही खाल्ला. मग मी तिला सांगितलं की तुझी आई मला बरोबर ओळखून होती. बराच वेळ बोलत होतो.

वजन केलेलं नाही. इथे तीन काटे आहेत, तरी केलं नाही.

रागावलो नाही. तू आठवड्याने का होईना, लिहिलंस. मला कागद सोडायला साडेतीन महिने लागले.

एकवीसला येतो. ठकी चार दिवस पाळण्यात निजेल आणि पंचवीस तारखेला माझ्याबरोबर परत निघेल. पाळणा वर ठेवू नका, दर फिरतीत येत जाऊ. कागद मी तुझ्याकडे आणून देतो, हिने तसं सांगितलं आहे. चाळणी कारखान्यातच विसरली, इथे रुमालातून गाळत होतो; आता ती मागवणार नाही.

ठकीसाठी वेगळं काही शिजवू नकोस.

भावजींना नमस्कार. लोभ न गाळता असू द्यावा.
तुझा गप्पू