मास्तर चित्र काढतात

४ सप्टेंबर

आले बाई एकदाची! ताईच्या घरातून निघताना दहादा मागे वळून पाहिलं, पण इथली जागा पाहिली आणि जीव भांड्यात पडला. बंद पडलेली बेकरी आहे. खाली तळघरात मास्तरांचा स्टुडिओ, वर दोन खोल्या, त्यांतली एक माझी. खिडकी मोठी आहे, दाराला आतून कडी आहे, पलंगावर दोघी सहज मावू. महिन्याभरात मुलीला इथे आणायचंच, असं मी ठरवून टाकलंय. तोवर ती ताईकडे. झोपताना तिला माझ्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवायची सवय आहे. आता तिथे काय करत असेल कोण जाणे.

काम काय, तर खुर्चीवर गप्प बसायचं. इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभं राहून माझ्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्यात. बसल्या जागी पगार म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही.

७ सप्टेंबर

मास्तर पूर्वी चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांनी म्हणे शहरातल्या बड्या लोकांची चित्रं काढली. सगळे अंगभर कपड्यांत, आणि तरी नागडे दिसायचे. प्रदर्शनाला पहिल्याच दिवशी टाळं लागलं, नोकरी गेली, पेपरवाल्यांनी विकृत ठरवलं. तेव्हापासून सगळा कारभार जमिनीखाली. गिऱ्हाइकं मागच्या दाराने येतात आणि चित्र पोत्यात गुंडाळून नेतात. काल एक चांगला सुटाबुटातला माणूस चित्र बघून बाहेर आला आणि पायरीवर डोकं धरून बसला. आज तोच ते चित्र विकत घ्यायला हजर!

माणूस तसा साधा आहे. खोकतात, पावाच्या कडा काढून खातात, मी बसायच्या आधी खुर्ची स्वतः पुसतात. कॅनव्हासला सरस लावताना तर तान्ह्या पोराला तेल चोळावं तसा हात फिरतो. म्हणाले, बाकीचे चित्रकार चित्र रंगवतात, मी काढतो. मी म्हटलं, काढायचं काय, लोक चित्रही काढतात आणि दातही काढतात. ते हसले नाहीत. मी एकटीच दात काढत राहिले.

स्वयंपाकाला एक काकू आहेत. गंमत म्हणजे दिवसभर त्यांच्याशी गप्पा मारल्या, आणि खोलीत आल्यावर त्यांचा चेहरा काही केल्या आठवेना.

१२ सप्टेंबर

आज कामाला सुरुवात. मास्तर एका वेळी चेहऱ्यातली एकच गोष्ट काढतात. आज तीळ. एवढ्याशा ठिपक्याला अख्खी सकाळ! संपल्यावर दाखवला. कोऱ्या कॅनव्हासवर एकटा तीळ, पण कुणीही ओळखावा असा माझाच. मास्तर खुश होते. म्हणाले, मुळासकट निघाला.

१३ सप्टेंबर

तोंड धुताना पाहिलं, तीळ नाही. हनुवटी साफ. टर्पेंटाइनच्या वासाने त्वचेला काही झालं असेल. लेक मात्र रुसणार.

काकूंना दाखवलं. त्या भांडी घासायच्या थांबल्या. म्हणाल्या, पोरी, उरलेलं घेऊन जा इथून. मला वाटलं, पावाबद्दल म्हणतायत. मी उरलेले पाव कागदात बांधून घेतले.

२१ सप्टेंबर

भुवया झाल्या, दोन्ही कान झाले, काल नाक झालं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आज मला विचारलं, नवीन राहायला आलात का? रोज साखर नेते मी त्याच्याकडून! आधी हसले. मग घरी येऊन आरशात बघत बसले. नाक जागेवर आहे, पण ते कुणाचंही असू शकतं. भुवया, कान, सगळं तसंच. चांगलं आहे, आणि माझं नाही.

मला भीती वाटतेय. आता लिहिल्यावर जास्तच वाटतेय.

२७ सप्टेंबर

ताईकडे गेले होते. दार लेकीने उघडलं. माझ्याकडे पाहिलं आणि आत पळाली. मावशी, कुणीतरी बाई आलीय, म्हणाली.

मी गं, मी, असं कितीदा म्हटलं. ताईने परक्या माणसाला विचारतात तसं विचारलं की तुम्हाला कोण हवंय. लहानपणी आम्ही दोघींनी आईपासून लपवलेल्या गोष्टी सांगितल्या, तशी ती पांढरीफटक पडली. मग भावोजींनी दार लावलं. आतून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. ती मला घाबरून रडत होती. मी जिन्यात धाय मोकलून रडले.

२८ सप्टेंबर

मास्तरांना जाब विचारला. समोर कॅनव्हासवर मी होते, अर्धीमुर्धी, पण मीच. माझं मला परत द्या म्हटलं. म्हणाले, अर्धं काढलेलं परत बसवता येत नाही, चित्र पुरं होऊ दे, मग देतो.

काकू म्हणाल्या, मलाही हेच सांगितलं होतं. तेव्हा काकूंनी रागाने स्वतःचं अर्धवट चित्र चुलीत घातलं होतं. चित्र जळलं, परत काही आलं नाही. चाळीस वर्षांचा संसार होता, नवऱ्याने घरात घेतलं नाही.

मग मी काय करू? लेकीने ओळखायला हवं असेल तर ते तोंड मास्तरांकडेच आहे. बसले खुर्चीवर.

२ ऑक्टोबर

डोळे काढले. दिसतं सगळं. रडू मात्र येत नाही.

५ ऑक्टोबर

ओठ. आवाजही गेला — काकूंना हाक मारायला गेले, नुसती हवा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चेहरा पुरा झाला. मी चित्राकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मास्तर म्हणाले, अजून हात राहिलेत.

६ ऑक्टोबर

ताई आली. लेकीला घेऊन. मला शोधायला — मी समोर उभी, त्यांच्या अगदी समोर. उघड्या दारातून खाली चित्र दिसलं, तशी लेक मला वळसा घालून तळघरात धावली. आई, अशी हाक मारली. चित्राला. गालाला गाल लावला, ओला रंग लागला तिच्या —

मास्तर म्हणाले, आई बाहेर गेलीय, येईलच, पोरीला तोवर राहू दे. किती गोड बोलतात. मी ताईचा हात धरला. तिने झटकला. किळस आल्यासारखा. लेकीला ठेवून गेली.

दुपार

मास्तर नवा कॅनव्हास ताणतायत. लहान आहे. खुर्ची पुसली. लेक बसलीय, पाय हलवतेय, चित्राकडे बघून हसतेय —

मी मध्ये उभी राहिले. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, बरं, आधी तुझे हात संपवू. ब्रश घेतलाय. करंगळी गेली — पेन घसरतंय —

मोठ्या अक्षरांत लिहिते, तिला जोडाक्षरं येत नाहीत अजून, तिच्यासमोर धरते — बघत नाही — बाळा, इकडे —

उठ.

पळ.

घर गाठ.

ती आई नाही. मी तुझी आ