करवत माझी, पाठफळी पुंजाजीची

मी, इंद्रभान वल्द सखाराम सुतार, वय अदमासे सत्तर, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड, हे मृत्युपत्र आपल्या मर्जीने लिहवून ठेवतो. दम्याने छाती भरते, हात थरथरतो. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणी धमकावले नाही, कोणी दारू पाजली नाही. म्हातारा चळला असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी लाकडाचा कोणताही तुकडा आणून माझ्या हाती द्यावा. वास घेऊन झाड सांगतो.

कलम १. माझे राहते घर माझ्या कमाईचे आहे. वडिलांचा एक खिळाही त्यात नाही. ते माझी एकुलती मुलगी सोजराबाई, दिली सोनाळ्यास, हिला द्यावे. जावयाने ते विकू नये. माणूस बरा आहे, पण बाजारात बैल दिसला की त्याचे भान सुटते.

कलम २. रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिट हे सोजराने योग्य वाटेल त्या सुतारास द्यावे. उसने नेऊन बोथट करून आणणाऱ्यांस देऊ नये. ते कोण, ते तिला माहीत आहे. आमच्या वाटणीचे पंच उत्तमराव यांना माझ्या मागे बाभळीची एक पाचर पोचती करावी. आमच्या घरात ती त्यांनीच ठोकली होती, ती परत करतो.

कलम ३. आता विलायती करवत. खामगावास एका साहेबाच्या बंगल्याचा लिलाव झाला, तेथून मी ती आणली. लोखंडी बैठक, त्यावर दोन खांबांत धरलेली करवत. डावी-उजवी फिरवून पाहिजे त्या कोनात बसवता येते. देवांच्या तसबिरींना चौकटी करण्याचा माझा धंदा तिच्यावर उभा राहिला. पण तिच्यात एक खोट होती. लाकूड टेकवायला मागे जी लोखंडी पाठ आहे तिला मधोमध मोठी फट. बारीक पट्टी तेथे आली की थरथरायची, मागून छिलके उडायचे आणि कोपरा उघडा राहायचा.

यावर उपाय मी केला. शिसवीची जुनी, वाळलेली फळी घेतली. रंध्याने इतकी सरळ केली की गुण्या लावला तर खालून उजेड दिसू नये. लोखंडी पाठीला भोके होतीच. त्यांतून मागच्या बाजूने स्क्रू आवळून फळी बसवली. स्क्रूचे टोक पुढे येऊ द्यायचे नाही. मग करवत डावीकडे तिरपी करून एकदा, उजवीकडे तिरपी करून एकदा, फळीतूनच चालवली. तिच्यात दोन चिरा पडल्या. पेन्सिलीची रेघ चिरेशी लावायची, काप तेथेच पडतो. आणि मागे टेकू असल्याने छिलका उडत नाही. मात्र त्या चिरा त्याच करवतीच्या. दुसऱ्या करवतीला ती फळी म्हणजे नुसते लाकूड.

आम्हा दोघा भावांच्या वाटणीच्या दिवशी उत्तमरावांनी दोन्ही वस्तू ओट्यावर ठेवल्या. म्हणाले, "लोखंड एक, लाकूड एक. करवत थोरल्याले, फळी धाकट्याले. झालं."

मी म्हणालो, "मालक, हे एकच अवजार हाय. नांगर एकाले अन् फाळ दुसऱ्याले देता काय?"

त्यांनी माझ्या धाकट्या भावास विचारले, "पुंजाजी, तू सांग बे. एक हाय का दोन?"

पुंजाजी माझ्या शेजारी बसून त्याच फळीवर काम शिकला होता. त्याने मान खाली घातली आणि काही बोलला नाही. पंचांना शेतीतले कळते, सुतारकीतले नाही, त्यांचे मी समजू शकतो. पुंजाजी सुताराच्या पोटचा होता.

लोक म्हणाले, नवी कर, अर्ध्या दिवसाचे काम. माझी वस्तू मी दुसऱ्यांदा काऊन करू? केली असती तर तो निवाडा मला पटला असा अर्थ झाला असता. नाही केली. कोपऱ्यांच्या फटीत लाख आणि भुसा भरून चौकटी विकल्या. माझी बायको वच्छला म्हणायची, "तुमच्या हट्टापायी गणपतीच्या कोपऱ्यातून मुंग्या जाऊन राह्यल्या."

ती गेली. तिचा एकच फोटो आहे, जत्रेत हट्टाने काढून घेतलेला. त्याला फटीची चौकट मी करणार नव्हतो. म्हणून, नाक मुठीत धरून, एका दुपारापुरती फळी मागायला माणूस पाठवला. पुंजाजीचा निरोप आला, "वाटणीत आलेली वस्तू मी देत नसतो." तेव्हापासून फोटो ट्रंकेत आहे आणि भाऊ मला मेला.

कलम ४. तरीही माझ्या मागे करवत पुंजाजीस द्यावी, पण त्याने मी जिवंत असतानाच फळी घेऊन माझ्या घरी यावे, करवतीला लावावी आणि माझ्या डोळ्यांदेखत वच्छलाच्या फोटोची चौकट करावी.

येथपर्यंत लिहून झाले तोच, कोठून तरी खबर लागून, पुंजाजी स्वतः दारात आला. मागे त्याची बायको कौशल्याबाई.

"दादा, त्या फळीपायी लिहून राह्यला काय?"

"हाव. घेऊन ये."

"नाही आणता येत."

"काऊन? अजून जीव अडकला का तिच्यात?"

कौशल्याबाई माझ्याशी, म्हणजे भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, कधी बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून नवऱ्याला म्हणाली, "सांगा त्यायले, ती म्याच जाळली. वाटणीच्याच पावसाळ्यात. सरपण ओलं होतं, पोरीले ताप होता. मले वाटलं, नुसतं लाकूड हाय."

मी विचारले, "मग मी माणूस धाडला तवा?"

पुंजाजी म्हणाला, "वयनी गेली होती, दादा. फळी चुलीत गेली हे तुले कोण्या तोंडानं सांगू? त्यापरीस नाही म्हणून देल्लं."

म्हणजे इतकी वर्षे मी राखेशी भांडत होतो. वच्छला असती तर हसली असती. मला हसू आले नाही, शिव्या आल्या. त्या हा कागद लिहिणाऱ्या नारायणरावांनी लिहिल्या नाहीत.

कलम ५. कलम ४ रद्द. करवत पुंजाजीस विनाअट द्यावी. फळीवाचूनची करवत घरात ठेवून माणसाचे काय होते, ते त्यालाही कळू दे. नवी फळी त्याने करावी. कशी ते कलम ३ मध्ये आहे, वाचून घ्यावे, मी तोंडाने सांगणार नाही. मग वच्छलाची चौकट करून सोजरास द्यावी. चारही कोपऱ्यांतून मुंगी जाता कामा नये. हे सर्व मी मेल्यावर. मी जिवंत असेपर्यंत त्याने करवतीला हात लावू नये.

हे मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

इंद्रभान वल्द सखाराम सुतार, निशाणी किंकरे (सुताराचे हत्यार)

साक्षीदार:
महादेवराव वल्द हिंमतराव, निशाणी नांगर
किसनराव वल्द कडूबा, सही

दस्तुर नारायणराव, अर्ज लिहिणार
मुक्काम जळगाव जामोद, मार्गशीर्ष शके १८६०, तारीख २९ नोव्हेंबर १९३८

ता. क. पुंजाजी म्हणाला, मीही साक्ष घालतो. त्याची साक्ष घेतली नाही. वाटणीच्या दिवशी विचारली होती तेव्हा त्याने दिली नाही.