सर्वांत स्वच्छ टेप

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच टाकशील, म्हणून पत्ता बायकोकडून लिहून घेतला. तब्येत बरी असेल. माझा डावा कान गेला. जन्मभर स्पीकरशेजारी बसल्याचं बक्षीस.

बातमी अशी, की आमचा क्लब पाडताहेत. पंधरा पायऱ्या उतरून जायचं ते तळघर, घामाने ओल्या भिंती, बारमागचा तडकलेला आरसा. तिथे किंचाळून गाणारे आता नातवंडं खेळवतात. मालकाच्या लेकीने क्लबचा इतिहास लिहायला घेतलाय: कोणता बँड कधी आला, कोण कुणाशी भांडून फुटला. सगळ्या टेपा माझ्याकडे, त्यामुळे म्हातारपणी माझा भाव वधारलाय.

तिथे गिटार जोडली की स्पीकरमधून सतत घूं असा आवाज यायचा. पोरं ओरडायची, "साउंडवाल्या, आधी तुझी माशी मार!" तुझा भाऊ तर गाण्याआधी माइकवरून त्या माशीला नमस्कार करायचा. सगळे हसायचे आणि माझी लाज जायची. प्रत्येक टेपवर ती आहे.

परवा त्या मुलीने शेवटची टेप लावली. तुझ्या भावाची, दुपारच्या तालमीची.

"काका, ही सगळ्यांत स्वच्छ आहे. काय केलंत?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

आठवतं, ताई. त्या सकाळी मी त्याच्या अँप्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची तार कापली. घूं घालवायची आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. सगळेच करायचे, झटका बसला की शिवी देऊन हसायचे. पण त्या यंत्रात आत वीज गळत होती, आणि ती जमिनीत नेणारी तारच मी कापली होती. टेपवर तो म्हणतो, "माशी मेली वाटतं!" हातात गिटार होती. नमस्कार करायला पुढे झाला आणि ओठ माइकला लागले. वीज त्याच्यातून गेली. टेप पुढे अकरा मिनिटं चालू आहे, आमची धावपळ ऐकू येते.

पडताना डोकं आपटलं होतं. पोलिसांनी विचारलं, प्यायला होता का? मी हो म्हणालो.

तो प्यायला नव्हता. तुला दिलेला शब्द चार महिने पाळत होता. आम्ही चिडवायचो, तो पाण्याचा ग्लास उंचावून दाखवायचा.

"मेला तो पिऊनच," असं तू म्हणालीस, तेव्हा मी तुझ्या दारातच होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून. त्याचा फोटोसुद्धा तू भिंतीवर लावला नाहीस असं ऐकतो. बावीस वर्षं झाली. घरात पंखा बंद पडला आणि एकदम शांत झालं, की मला अजून त्याचा श्वास ऐकू येतो, माइकजवळ आलेला.

हे सगळं इतिहासात लिहून दिलंय. उद्या पोलिसांकडे जाईन. छापून येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. टेप सोबत आहे. ऐकायची की नाही ते तू ठरव.

माझं काय करायचं ते कर. पण त्याचा फोटो लाव, ताई.

तुझ्या दारात गप्प उभा राहिलेला,
साउंडवाला