आत्या, खुर्ची आणि कावेरीचं पाणी

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
सोमवार

तीर्थरूप विनुताक्कास,

धाकट्या प्रद्युम्नाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण कालपासून कमरेखालचं अंग माझं ऐकत नाही, तेव्हा निम्मा पत्रानं पाठवतो, निम्मा भेटीत घालीन. तुझी साखर आटोक्यात असेल आणि भावोजींचा खोकला सोलापूरच्या उन्हाला भिऊन पळाला असेल अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. (वरलक्ष्मी हे वाचून म्हणते, तुमच्या टाचांना चार फोड आलेत ते खुशालीत धरायचे का? धरायचे.) देवनागरीत चुका आढळल्या तर पोटात घाल. आयुष्यभर तमिळ शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाच्या हातून ऱ्हस्व-दीर्घ इतपतच सांभाळले जातात.

कालचा रविवार असा गेला की मी लिहिल्याशिवाय राहू शकत नाही. त्याचं मूळ आमच्या शांभवीच्या शाळेत. नात नऊ वर्षांची झाली, चौथीत गेली, आणि तिच्या नव्या टीचरनी कुठल्याशा परदेशी पुस्तिकेवरून मुलांना एक वही दिली: सहकुटुंब पायी फिरा आणि जे दिसेल त्यापुढे खूण करा. त्यात तीन पानं होती. एक नदीच्या खोऱ्याचं, एक रानाचं आणि एक उंचावरच्या ओसाड गवताळ माळाचं. आता अक्का, तू इथंच वाढलीस. तंजावुरात उंच म्हणावं असं एकच, ते मोठ्या देवळाचं शिखर. बाकी जमीन पाट्यासारखी सपाट. इथे खोरं शोधायचं म्हणजे रांगत शोधावं लागतं. पण मी एकतीस वर्षं पोरांना खोऱ्याच्या आकृत्या काढायला लावल्या आणि स्वतः एकाही नदीच्या काठानं सलग दोन मैल चाललो नाही, हे त्या वहीनं मला एकदम दाखवून दिलं. तिचे आईबाप, वेंकटेश आणि संगीता, एका लग्नासाठी चेन्नईला गेले होते. मी जाहीर केलं की आजोबा नेतील.

आजोबांबरोबर आजी निघाली, आणि आजीबरोबर अकरा पिशव्या. (चिंचेचा भात, दहीभात, दोन प्रकारची लोणची, एक छत्री, आणि कशाला ते देवालाच ठाऊक, एक खवणी.) इथवर ठीक होतं. मग ओटीवरून कमलाक्षी आत्या म्हणाली, मीही येते. तुला ठाऊकच आहे, ब्याऐंशीची आपली आत्या पडल्यापासून गेले आठ महिने खोलीतून ओटीवर आणि ओटीवरून खोलीत, एवढाच प्रवास करत होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं की ती म्हणायची, कुठे जायला चालू ते सांगा. मी तिला समजावलं, वरलक्ष्मीनं समजावलं, आणि ती तेवढ्यात नऊवारी नेसून, काठी घेऊन पायरीवर उभी. शेवटी ठरलं की दर दोनशे पावलांवर तिला बसवायचं. कशावर बसवायचं, याचं उत्तर म्हणजे घरातली निळी प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्ची कुणी न्यायची याचं उत्तर म्हणजे हे पत्र लिहिणारा.

पहाटेच्या बसनं तिरुवैयारूला उतरलो. कंडक्टरनं खुर्चीचं तिकीट काढायला लावलं नाही, एवढीच त्या प्रवासातली सभ्यता. पुलाजवळून कावेरीच्या बांधावर चढलो आणि पश्चिमेकडे निघालो. माझ्या डोक्यावर उलटी खुर्ची, चार पाय आभाळाकडे. समोरून येणारे लोक आदरानं बाजूला होत होते; मागून कळलं की कुणाच्या तरी घरी कार्य आहे आणि मी मंडपवाला आहे असा त्यांचा समज झाला होता.

रानाचं पान पहिल्या अर्ध्या तासात अडलं. डावीकडे नारळाची बाग होती, पुढे केळी, मग बांबूची बेटं. नारळाची बाग म्हणजे रान का, यावर शांभवीचं आणि माझं जुंपलं. ती म्हणाली, रान कुणी लावलेलं नसतं. मी म्हणालो, खूण कर. तिनं बागेच्या मालकालाच विचारलं, आणि त्या गृहस्थांनी, आपल्या बागेला रान म्हटल्याबद्दल, माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची थोडी पुढे ओढून तोंड झाकून घेतलं. माळाचं पान मात्र लवकर निकाली निघालं. बांधाच्या उतारावर वाळकं गवत आणि काटेरी झुडपं होती, त्यात शेळ्या चरत होत्या. ओसाड गवताळ माळ कसा तयार होतो हे मी तिला सांगू लागलो. तापमान, पर्जन्य, मृदा. वीसेक मिनिटांत मृदेपाशी आलो तेव्हा लक्षात आलं की ऐकणाऱ्यांत एक शेळी उरली आहे आणि ती ते पान खाते आहे. शांभवीला वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, माळानंच पान घेतलं.

उरलं खोरं. नदीत पाणी नव्हतं. माघापासून कोरडी पडलेली कावेरी, नुसती पांढरी वाळू, काठापासून काठापर्यंत. वर कल्लणै धरणाचे दरवाजे शनिवारी उघडल्याची बातमी मी वाचली होती, आणि अंतर, उतार, वाळूची तहान सगळं धरून कागदावर हिशेब केला होता की पाणी आमच्याकडे सोमवारी दुपारी पोचेल. त्याच भरवशावर मी सगळ्यांना घाटाच्या पायऱ्यांवरून खाली पात्रात उतरवलं. नदीच्या खोऱ्यात प्रत्यक्ष उभं राहून खूण करण्याचं भाग्य किती मुलांना लाभतं? पात्राच्या मध्यावर खुर्ची मांडली, आत्याला बसवलं, वरलक्ष्मीनं पिशव्या सोडल्या. वाळू अजून गार होती. दोन्ही काठ एवढे दूर वाटत होते की आपण जन्मभर ज्या पुलावरून बसनं जातो तो पूल लहान मुलाचं खेळणं दिसत होता.  

सव्वाआठच्या सुमाराला बांधावरून एक माणूस सायकल दामटत आला. सुब्रमण्यम त्याचं नाव, जन्मभर पाटबंधाऱ्यावर काम करून निवृत्त झालेला, हे नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच की तो घंटी वाजवत, हात हलवत तमिळमध्ये सांगत होता, पाणी येतंय, वरच्या गावाच्या पुढे आलं. मी त्याला खालून ओरडून सांगितलं की पाणी उद्या दुपारी येणार आहे. तो सायकलवरून उतरला, मला नीट न्याहाळलं, आणि म्हणाला, ते नदीला सांगा.

आणि अक्का, ती दिसली. आधी पक्षी दिसले. बगळे आणि साळुंक्या, वाळूच्या अगदी लगत उडत, बसत, पुन्हा उडत आमच्याकडे सरकत होत्या. त्यांच्या पायांखाली एक काळसर रेघ होती. मला वाटलं होतं पाणी येतं म्हणजे धावत येतं, गर्जत येतं. एकतीस वर्षं मी तसंच शिकवलं. ते तर रांगत येत होतं. हातभर रुंदीची मातकट जीभ, तिच्या ओठावर फेस, वाळकी पानं, काड्या, आणि पुढे जीव घेऊन पळणाऱ्या मुंग्या नि किडे, ज्यांच्यासाठी ते पक्षी आले होते. वाळू ते पिऊन टाकायची, चर्र असा आवाज यायचा, जीभ थांबायची, मागून भर आला की पुन्हा हात पुढे. आमच्या पावलांचे ठसे एकेक करून भरत होते. शांभवीचा, मग वरलक्ष्मीचा, मग माझा. एका जागी जीभ दुभंगली आणि दोन्ही बाजूंनी खुर्चीकडे वळली.

वरलक्ष्मी पिशव्या आणि नात घेऊन घाटाकडे निघाली होती. मी आत्याला म्हणालो, उठा, चला. ती हलली नाही. मी पुन्हा म्हणालो, या वेळी जरा मास्तरच्या आवाजात. तिनं काठी वाळूत रोवली, पायांतल्या चपला काढून मांडीवर घेतल्या, आणि म्हणाली, "ती इतक्या लांबून येते आहे रे. मी उठून जाऊं काय?"

तुला आठवत असेल, किंवा नसेलही, आपण लहान होतो. आत्याच्या सव्विसाव्या वर्षी तिचे यजमान गेले, तेव्हापासून ती आडी महिन्यातल्या नव्या पाण्याच्या सणाला नदीवर गेली नाही. बायका हळद-फुलं घेऊन निघायच्या आणि ती आपल्याला सांभाळायला घरी राहायची. कुणी तिला येऊ नको म्हणाल्याचं मला आठवत नाही. ये म्हणाल्याचंही आठवत नाही. छप्पन्न वर्षं. मला हे तिथे, वाळूत उभं असताना कळलं. वरलक्ष्मी अर्ध्यातून परत आली. तिनं पदराची गाठ सोडली, तिच्यात देवळासाठी आणलेली हळद होती, आणि आत्याच्या तळहातावर ठेवली. वेणीतला मोगरा काढून तोही ठेवला. कुणाला विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं असं मला वाटलं.

पाणी आत्याच्या अंगठ्याला लागलं. तिनं वाकून हळद सोडली, फुलं सोडली, ओंजळभर गढूळ पाणी डोळ्यांना लावलं. मग खूप हळू, ज्या आवाजात ती आपल्याला निजवायची त्या आवाजात म्हणाली, "दमलीस गं." एवढंच. काठावर पाच-पंचवीस माणसं जमली होती. सुब्रमण्यम सायकल आडवी टाकून हात जोडून उभा होता. जन्मभर हेच पाणी सोडण्याचं काम केलेला माणूस.

मग मात्र पाणी घोट्याच्या वर चढलं आणि नदीनं आपलं नदीपण दाखवायला सुरुवात केली. मी आत्याचा हात धरला, तिला धीर दिला, आणि सांभाळून घाटापर्यंत आणलं. खुर्चीचे पाय वाळूत रुतले होते, ती तिथेच राहिली. थोड्या वेळानं आपली आपण सुटली आणि समुद्राच्या दिशेनं रवाना झाली. आम्ही पायऱ्यांवर बसून दहीभात खाल्ला. शेवटी आत्या बांधावरून पुलापर्यंतचे दोन मैल चालत आली, एकदाही न बसता. (बसायला काही नव्हतंच.) शांभवीनं खोऱ्याच्या पानावर खूण केली नाही. म्हणाली, एवढ्याशा चौकोनात मावत नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर टाक.

तुझा,
प्रद्युम्न

ता. क. सगळं पत्र लिहून झालं तरी मुख्य गोष्ट हातून उतरेना, म्हणून इथे कोपऱ्यात लिहितो. आत्याला कायमची सोलापूरला तुझ्याकडे पाठवायची असं तू आणि मी फाल्गुनात फोनवर ठरवलं, तू खालची खोली रंगवून घेतलीस, आणि तिला सांगायचं काम माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर शांभवीची वही निमित्त होती, आणि आत्याला नको म्हटलं तेही वरवरच. नदीकाठी तिचं मन प्रसन्न असताना सांगून टाकावं असा माझा बेत होता. मी सांगितलं नाही, आणि आता माझ्यानं सांगवणार नाही. तेव्हा कृपा करून तूच तिला लिही की खोलीला ओल आली आहे, किंवा तुला सुचेल ते. आपण दोघांनी मिळून तिला न विचारता ठरवलं, तर मोडूही न विचारताच.

पुन्हा ता. क. पत्र आत्याला वाचून दाखवलं. वरचा ता. क. अर्थात गाळला. पण शांभवी माझ्या खांद्यावरून पाहत होती, आणि जी मुलगी आमच्याशी तमिळशिवाय बोलत नाही, तिनं तो एकेक अक्षर लावत, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचला.  आत्यानं कॉफी मागितली. कॉफी संपल्यावर म्हणाली, विनुताला लिही, खोलीला ओल नको, रंगवलीस ते चांगलं केलंस. नदी आटली की पंधरा दिवस येईन. पाणी यायच्या आत मला परत पोचवायची.

आणि म्हणाली, पत्रात एक खोटं लिहिलं आहेस तेवढं दुरुस्त कर. घोट्याच्या वर पाणी चढल्यावर तू जागेवरून हलेनास, तुझे डोळे वाहत होते आणि तुला काठ दिसत नव्हता. हात मी धरला होता.

तिचं बरोबर आहे.