चिकटलेल्या पेशी

३ मार्च
झालं! आलेखातला उंचवटा दुप्पट डीएनएच्या जागी आला! पेशी डीएनएची नक्कल एकदाच सुरू करते. सुरू झाली की नकलेचा परवानाच काढून घेते, विभागून दोन होईपर्यंत पुन्हा देतच नाही. पण मी जनुक बिघडवलेल्या यीस्टमध्ये नक्कल दुसऱ्यांदा सुरू झाली! बाई — आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख — चक्क हसल्या. "पेपर लिहायला घे."
आईला फोन केला. तिला ओ की ठो कळलं नाही, तरी सगळ्या मावश्यांना सांगून मोकळी झाली.

११ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसला बाईंनी माझाच प्रयोग पुन्हा करायला लावला. तिला उंचवटा येत नाही. दोनदा केला, दोन्हीदा नाही. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिला जमतं, तुला का नाही? लक्ष कुठे असतं तुझं?" ती मान खाली घालून नळ्या पुसत राहिली.

१४ मार्च
माझे उरलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी जोडीजोडीने चिकटलेल्या! मोजण्याआधी त्या ध्वनिलहरींनी सुट्या करायच्या असतात. त्या दिवशी त्या यंत्रापुढे रांग होती — म्हटलं, एकदा नाही केलं तर काय बिघडतं. मग मोजणीत दोन पेशी मिळून एक धरली गेली. म्हणे दुप्पट डीएनए!
उद्या बाईंना सांगते.

१५ मार्च
नाही सांगितलं.

१८ मार्च
चष्मिसच्या नेमणुकीची मुदत वाढवणार नाहीत. "साधा प्रयोग जमत नाही," बाई म्हणाल्या. मी तिथेच होते, हातात चहाचा कप. चहा पीत राहिले. वर नंतर तिलाच म्हणाले, "होतं गं असं कधीकधी!" शी!
तिने माझ्याकडे बघितलं. "तुला काही सांगायचंय का?"
"छे! मी काय सांगणार?"
लाज वाटते स्वतःची. जेवण गेलं नाही.

२२ मार्च
ती गेली. टेबल लख्ख पुसून गेली. आईने विचारलं, पेपर कधी छापून येणार? तिच्यावरच ओरडले, उगीच.

२३ मार्च
चष्मिसची वही बाईंनी माझ्या हवाली केली. आत एक फोटो — सूक्ष्मदर्शकातून काढलेला. माझ्या नळीचा नंबर, जोडीजोडीने चिकटलेल्या पेशी. मागे तारीख, १० मार्च. म्हणजे बाई तिला बोलल्या त्याच्या आदल्या दिवशीच तिला कळलं होतं! खाली पेन्सिलीने लिहिलंय — "ती स्वतःच सांगेल."
बाई खोलीत आहेत. फोटो घेऊन जाते आहे.